माहेरच्या नावाची बाई

लग्नानंतरच्या लक्ष्मीपूजनात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं आणि पेढे वाटले. नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही एका दमात गेली. खरं सांगायचं तर नवं नाव मला जरा बरंच वाटलं होतं. जुन्या नावाने मी बुरशीवर शोधनिबंध छापलेत, हे त्या गडबडीत कुणाला आठवणार? मलाही आठवलं नाही.

पिंपरीत बिऱ्हाड केलं आणि तिथल्याच एका औषधांच्या कंपनीत, संशोधन विभागात लागले. काम तेच, बुरशी वाढवायची आणि तिच्यातून औषध काढायचं. निबंध मात्र आता सासरच्या नावाने. काही वर्षांनी आमचे विभागप्रमुख निवृत्त झाले. ती खुर्ची मला हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? हवी म्हणजे हवीच होती.

तेवढ्यात फॉरेनहून नवे साहेब आले आणि सोबत एक खूळ घेऊन आले. तुमच्या निबंधाचा उल्लेख इतर किती जण आपापल्या निबंधांत करतात, ते मोजायचं. ज्याचे उल्लेख जास्त, तो शास्त्रज्ञ मोठा. जगभरच्या उल्लेखांची यादी छापलेले जाडजूड ठोकळे लायब्ररीत आले, त्यातलं अक्षर मुंगीएवढं. मोजायचं काम गेलं माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांकडे. त्यांनाही तीच खुर्ची हवी होती. हाताखालच्या पोरांनी बुरशीवर लिहो नाहीतर बाटलीच्या बुचावर, खाली यांचा उल्लेख घालावाच लागे. आणि स्वतःच्या निबंधात तर ते स्वतःलाच आहेर करत सुटत.

तक्ता लागला. गृहस्थ पहिले. मी पार खाली, कालपरवा लागलेल्या पोरांच्या पंगतीत.

मग साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, प्रमुख बाहेरूनच आणावा असं वाटतंय. याच विषयातल्या एक बाई आहेत, परदेशातले लोकसुद्धा त्यांचा उल्लेख करतात, पण हल्ली कुठे आहेत कळत नाही. तुमच्याच कॉलेजच्या दिसतात. त्यांनी कागद पुढे सरकवला. त्यावर माझंच नाव होतं, माहेरचं.

मी तिथेच सांगून टाकणार होते. पण साहेब पुढे बोलले, "काम असं असावं बघा. तुमचं नीटनेटकं असतं, पण ही झेप नाही." झालं, माझं डोकंच फिरलं. ओळखता का म्हणाले, तर चांगली ओळखते म्हटलं. स्वभाव कसा? तापट. मुलाखतीला येतील का? खुर्ची मिळत असेल तर नक्की येईल. घरचे सोडतील का? नवरा गरीब आहे हो बिचारा, त्याची काळजी नको. साहेबांनी हे सगळं गंभीरपणे लिहून घेतलं. निरोप पोचवायची जबाबदारीही माझ्याच गळ्यात घातली.

घरी सांगितलं तर नवरा हसता हसता चहा सांडून बसला. मग उठून ट्रंकेतून आमची लग्नपत्रिका शोधून आणली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली.

मुलाखतीला मी आत गेले तेव्हा साहेब, पुण्याहून आलेले एक म्हातारे प्राध्यापक आणि तक्ता घेऊन आमचे गृहस्थ, असे तिघं बसले होते. साहेब समजुतीने म्हणाले, की जरा बाहेर थांबा, त्या बाई यायच्यात.

"त्या आल्यात," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. पत्रिका टेबलावर ठेवली. प्राध्यापकांनी ती मोठ्याने वाचली, अगदी 'आहेर स्वीकारले जाणार नाहीत' पर्यंत. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालायचं विसरले.

पण गृहस्थ कसले ऐकतात! म्हणाले, दोन्ही बाया एकच असतील तर हिने नव्या निबंधांत जुन्यांचे केलेले उल्लेख म्हणजे स्वतःचेच झाले, ते वजा करा. मुद्दा बरोबर होता. साहेबांनाही तो पटला. म्हणाले, नियम चांगला आहे, सगळ्यांनाच लावू. मग गृहस्थांना तिथेच बसून स्वतःची वजाबाकी करावी लागली. माझे थोडे गेले, बाकीचे राहिले. त्यांचा एकच उरला. तोही कुणा परक्या माणसाचा, त्याने लिहिलं होतं की यांचे निष्कर्ष जुळत नाहीत.

खुर्ची मला मिळाली.

संध्याकाळी घरी आले तर नवऱ्याने ताटात तांदूळ पसरून ठेवले होते, वर तीच अंगठी. म्हणाला, "तेव्हा तुला विचारलं नव्हतं. आता तू लिही."

काय हे नाटक, म्हणून मी त्याला झापलं, पण डोळे भरून आले होते. अंगठी घेतली आणि माहेरचं नाव लिहिलं, तिन्ही शब्द. हाताची सवय गेली होती, पहिलंच अक्षर वाकडं आलं. मग तेच तांदूळ धुऊन कुकरला लावले, घरात दुसरे नव्हते.