बॅगा उचलणारा माणूस

संपानंतर बाबांची मिल उघडलीच नाही. पुढे म्हातारपणी त्यांना विसरण्याचा आजार जडला, तेव्हा आदर्श मुलगा म्हणून मी त्यांना सुट्टीला मालवणला न्यायला निघालो. परळच्या एसटी डेपोत शेजारी एक बाई शेंगा सोलत होत्या, टरफलं पदरात जमवत. बाबा माझ्याकडे बोट दाखवून त्यांना हळूच म्हणाले, "हा माणूस सकाळपासून माझ्या मागे लागलाय."

बाईंनी मला न्याहाळलं. मी शक्य तितका सुपुत्र दिसायचा प्रयत्न केला.

"बॅगो उचलता मा?" त्या म्हणाल्या. "मगे ऱ्हवांदे."

बाबांना पटलं. हातातली पिशवीही त्यांनी माझ्या गळ्यात अडकवली. गाडी लागल्यावर मला म्हणाले, "गर्दी आहे. माझा हात सोडू नकोस."

बाईंचं नाव मी विचारलं नाही, पण ही नोकरी मला त्यांनीच लावून दिली.