सेल टाका, डॉक्टरसाहेब!

आमच्या लिव्हरच्या दवाखान्यात सलाईन संपतं, औषधं संपतात, कधीकधी माझा पेशन्सही संपतो. किस्से मात्र संपत नाहीत. रिपोर्ट पेशंट घरी घेऊन जातो, किस्सा इथंच ठेवून जातो! जालन्यात मी बसायला लागलो तेव्हा लोक नुसती कावीळ दाखवायला यायचे. आता मोबाईल बघून येतात आणि खुर्चीत टेकायच्या आधी विचारतात, "स्टेम सेल करता का?"

मी सगळ्यांना तेच सांगतो. आपल्याच शरीरातल्या मूळ पेशी घेऊन खराब लिव्हर सुधारायचं, अशी ती कल्पना आहे. शास्त्रज्ञ जिवापाड मेहनत घेतायत, पण अजून ते रोजचं औषध झालेलं नाही. लोक शांतपणे ऐकून घेतात. त्यानंतर ते जे बोलतात, त्यातलं हे थोडं.

*

राजूरकडचे भाऊराव. मोसंबीची बाग, रोज गणपतीचं दर्शन, दारूचा थेंब नाही. तरी शुगर आणि चरबीनं लिव्हर पार आक्रसलेलं.

"डॉक्टरसाहेब, ते सेल टाका माझ्यात. जुने उतरले दिसतेत."

"भाऊराव, ते बॅटरीतले सेल नाहीत हो!"

मग मी कागदावर लिव्हर काढलं, पेशी काढल्या, बाण काढले. ते "बराबर, बराबर" करत मान हलवत होते. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"सगळं समजलं. एकच शंका हाय. टाकताना उलटे बसले तर?"

मी हसणारच होतो, पण त्यांचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. माणूस खरंच घाबरला होता. "उलटे बसणार नाहीत, ती जबाबदारी माझी," म्हणालो. तेव्हा कुठं ते खुर्चीत नीट बसले आणि पथ्य ऐकून घेतलं.

*

गिरजाबाई माळकरी. सोबत मुलगा, शाळेत मास्तर. त्यानं कुठंतरी वाचलं होतं की लिव्हरचा नुसता सांगाडा घेऊन त्यात नव्या पेशी वाढवतात. "हे खरं आहे का सर?"

म्हटलं, प्रयोगशाळेत चालू आहे. जनावराचं लिव्हर घ्यायचं, त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढायच्या. मागं जी जाळी उरते, तिच्यात माणसाच्या पेशी वसवायच्या.

"कुठलं जनावर?"

"बऱ्याचदा डुकराचं."

मास्तर ताडकन उभे राहिले. "सर, आई माळकरी आहे! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही!"

गिरजाबाईंनी त्यांचा शर्ट ओढून खाली बसवलं. "बस की रे. खायचं थोडंच हाय? नुसतं आत ठिवायचं हाय!"

*

मस्तगडचे देशपांडेकाका, रिटायर्ड. एकदा एका दूरच्या सेंटरची जाहिरात घेऊन आले. तिथं स्टेम सेलची इंजेक्शनं देत होते. काकांचा जाण्याचा विचार पक्का होता. काकूंचे डोळे रडून सुजलेले.

मी वाद घातला नाही. त्यांच्यासमोरच जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"लिव्हर बरं होईल?"

"हंड्रेड पर्सेंट!"

"गुडघेदुखी?"

"बिलकुल जाईल, सर!"

"आणि टक्कल?"

"त्याचं वेगळं पॅकेज आहे!"

काकांनी हात पुढं करून फोन स्वतःच बंद केला. डोक्यावरची टोपी काढली, टाळूवरून हात फिरवला आणि काकूंना म्हणाले, "चल गं. लिव्हरचं एकवेळ मानलं असतं. पण हे उगवायचं नाही, एवढं मला कळतं."

*

अंकुशनगरचा दत्तू उसाचा ट्रॅक्टर चालवायचा आणि रोज प्यायचा. पोटात पाणी भरलं, तेव्हा बायको त्याला धरून घेऊन आली. एका मोठ्या हॉस्पिटलात स्टेम सेलचा प्रयोग चालू होता, तिथं पाठवलं. त्यांनी सांगितलं, आधी सहा महिने दारू बंद. मगच नाव घेऊ.

दत्तूनं जिद्द धरली. गाडीवरची मित्रमंडळी सोडली, मीठ सोडलं, माझ्या गोळ्या वेळेवर घेतल्या. सहा महिन्यांनी तिकडं गेला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रागानं लाल!

"सायेब, मला नापास केलं!"

"का रे?"

"म्हनले, तुमचं लिव्हर लई सुधारलंय, आता तुम्ही प्रयोगात बसत न्हाई. मी सेलसाठी एवढा जीव जाळून राह्यलो, अन् तुमच्या गोळ्यांनी माझा नंबर घालवला!"

मागं त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

*

कमळाबाईंना मात्र लिव्हर बदलण्याशिवाय इलाज नव्हता. मुलगा लहानपणीच्या आजारामुळं स्वतःच्या लिव्हरचा तुकडा देऊ शकत नव्हता. सून पुढं झाली. सुनीता. सासू-सुनेचं घरात कामापुरतंच बोलणं. कमळाबाई म्हणाल्या, "हिचं नको." सुनीता म्हणाली, "तुम्हाला इचारलं न्हाई मी." पुण्यात ऑपरेशन झालं, दोघी सुखरूप.

कमळाबाईंच्या परवानगीनं त्यांचं काढलेलं लिव्हर तिथल्या प्रयोगशाळेला दिलं होतं. त्यातल्या थोड्या पेशी वाढवून, त्यांच्यापासून पुढं कुणासाठी काही बनवता येतं का, ते बघायला.

परवा दोघी तपासणीला आल्या. रिपोर्ट छान. उठता उठता कमळाबाईंनी विचारलं, "डॉक्टर, माझं जुनं दिलं व्हतं, त्याचं पुढं काय झालं?"

म्हटलं, "त्यातल्या काही पेशी अजून जिवंत आहेत. लॅबमध्ये."

त्या परत खाली बसल्या. "जित्त्या हायेत? त्यांना खायला-प्यायला?"

"देतात. एक मुलगी आहे तिथं, ती बघते."

"लई वर्सं माझ्यापाशी काढली त्यांनी. मीच नीट ठिवलं न्हाई. औषध घ्यायचा कंटाळा केला." पदर सारखा केला. "त्यांना एक निरोप देता का? म्हनावं, मी बरी हाय. सून बघती."

सुनीता खिडकीबाहेर बघत होती.

मी तिथंच लॅबला फोन लावला. त्या मुलीला निरोप जसाच्या तसा सांगितला. वाटलं, ती हसेल.

पलीकडून ती म्हणाली, "एक मिनिट थांबा हं सर. ग्लोव्हज घालते, सांगून येते."