लेन्स ठरवणारे नाना

कोणाच्याही हातात कॅमेरा दिसला की नाना आधी त्याची लेन्स मागून घेत, भाजीवाल्यासारखी तळहातावर तोलून पाहत आणि परत देताना म्हणत, "ही लेन्स नाई बाप्पा, लोटा होय." लग्नातला फोटोग्राफर असो की चिखलदऱ्याला भेटलेला पर्यटक, निकाल एकच. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. नाना ठणठणीत आहेत, त्यामुळे माझी सोय आहे.

अमरावतीला आम्ही शेजारी. निवृत्त झाल्यावर त्यांनी फुल फ्रेम कॅमेरा घेतला आणि त्याला टेलिफोटो झूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, ठरवायला बसले, ते बसलेच. सत्तर-दोनशे घ्यावी तर मेळघाटातले पक्षी लांब राहतात; शंभर-चारशे घ्यावी तर संध्याकाळी फोटो काळवंडतात. अकोल्याचा एक दुकानदार भिडेखातर त्यांना लेन्स चार दिवस वापरायला द्यायचा. नाना ती एसटीत मांडीवर घेऊन येत आणि नावं ठेवून परत करत. "घाईत घेतलेली लेन्स अन् घाईत केलेली सोयरीक, दोनी जल्मभर डोक्शाले ताप," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यांनी एकही पक्षी टिपलेला मी कधी पाहिला नाही.

काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मागणं एवढंसं होतं. आमच्याकडे बरीच म्हातारी माणसं मेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो धडधाकट असतानाच काढून ठेवतात. काकूंनी त्यासाठी मोरपंखी लुगडं बाजूला काढलं होतं. "अवो, एक फोटो काढून ठेवा ना माया. नाईतर आधारकार्डावरचा लावसान. त्यात मी चोट्टीवानी दिसतो."

"चेहऱ्याले टू पॉइंट एटवाली लेन्स पाह्यजे. ते येऊ दे," नाना म्हणत.

मी मोबाइलवर काढून देतो म्हटलं, तर माझ्यावरच खेकसले, "मोबाइलनं? काऊन, मी मेलो का?" काकू आत गेल्या. मला त्या माणसाचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात काकू झोपेतच गेल्या. तेरवीला फोटो हवा म्हणून त्यांच्या मुलीनं कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपवर उघडलं. मी शेजारीच होतो. समोरची विटांची भिंत, पाण्याची टाकी, पुन्हा भिंत. आणलेल्या प्रत्येक लेन्सची परीक्षा, दुसरं काही नाही. एका फोटोत मात्र अगदी कोपऱ्यात काकू होत्या. गच्चीवर कुरडया वाळत घालताना कोणाशी तरी बोलत हसत होत्या. मुलीला रडू फुटलं. "बाबा, हाच मोठा करून लावू."

नानांनी चष्मा सावरला, फोटो मोठा केला आणि काकूंच्या चेहऱ्याजवळ नाक नेलं. मला वाटलं, आता हा माणूस ढासळणार.

"नाई जमत," ते म्हणाले. "या लेन्सचे कोपरे नरम आहेत, कडेचं धूसर येते. मी त्या अकोलेवाल्याले तवाच सांगतलं होतं."

आणि त्यांनी पुढची भिंत उघडली.