भिंगरीताईंचा बिनहीटरचा हॉल

भिंगरीताईंचं खरं नाव काय, हे त्यांच्या सख्ख्या भावालाही चटकन आठवत नाही. सगळी नोकरी लॉन्ड्रीत उभ्यानं इस्त्री करण्यात गेली, पण तेव्हाही इस्त्री पुढे गेली की कंबर मागे, असा बाईंचा ताल. निवृत्त झाल्यावर कुणी "आता आराम करा" म्हणायच्या आत त्यांनी लोकरीचं एक रिकामं गोदाम भाड्यानं घेतलं, भिंतीला आरसे लावले आणि साठीपुढच्या मंडळींना नाच शिकवायला लागल्या. गुडघेदुखीवाले, रक्तदाबवाले, डॉक्टरांनी जपायला सांगितलेले, सगळे तिथे जमत आणि जपणं सोडून बाकी सगळं करत.

मग सरकारचा नियम आला. इमारतींनी वीज आणि इंधन वाया घालवायचं नाही. भिंतींना आतून जाड अस्तर हवं, खिडक्यांना दुहेरी काचा हव्यात. नियम चांगलाच होता, ताईंचं त्याच्याशी भांडण नव्हतं. पण एवढा खर्च करण्यापेक्षा गोदाम पाडून टाकीन, असं मालकानं तोंडावर सांगितलं. वाट एकच होती. ज्या इमारतीत गरम किंवा गार करायची काही सोयच नाही, तिला नियमातून सूट होती. आणि ताईंच्या हॉलमध्ये तर साधी शेगडीही नव्हती!

"मग झालं तर," भाऊ म्हणाला. "ताई, साहेब तपासायला येतील तेव्हा हॉल रिकामा ठेव. कुडकुडले की आपोआप सही करतील."

"अरे, पाहुणा येणार आणि हॉल रिकामा? काय म्हणेल तो? इथे काय चालतं ते बघू दे की त्याला!"

तपासणीच्या दिवशी ताईंनी सकाळचे, दुपारचे, संध्याकाळचे, झाडून सगळे एकदम बोलावले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत नुसता धुडगूस. साहेब दार उघडून आत आले आणि त्यांचा चष्मा पांढरा झाला. पुसला, पुन्हा पांढरा. शेवटी तो डोक्यावर चढवून त्यांनी खिशातून तापमापक काढला आणि डोळे बारीक करून आकडा वाचला.

"हीटर कुठे आहे?"

"हीटर? नाहीच हो!" ताई गिरकी घेताघेताच म्हणाल्या.

"बाई, बाहेर पाणी गोठलंय आणि इथे मी कोट काढलाय. हीटर दाखवा."

"शपथ घेऊन सांगते, नाहीये."

"मग दारात हीटरवाल्याची गाडी कशाला उभी आहे?"

"तो माझा भाऊ आहे," त्या म्हणाल्या. भाऊ खरंच हीटर दुरुस्त करायचा आणि गाडीवर त्यानं हौसेनं लालभडक हीटर रंगवून घेतला होता. इतकं खरं बोलून इतकं खोटं आजवर कुणी दिसलं नसेल.

साहेबांनी आरशांमागे पाहिलं, खुर्च्यांखाली पाहिलं. एका आजोबांच्या पाठीतून वाफ निघत होती, त्यांच्याकडेही बराच वेळ संशयानं पाहिलं. मग मान हलवली. "गरम इमारतीला सूट देता येत नाही."

ताईंचे पाय थांबले. हॉल गेला तर ही सगळी माणसं पुन्हा घरी आपापल्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि आपणही, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांना रडूच फुटलं. ओढणीनं डोळे पुसताना समोर ते वाफाळणारे आजोबा दिसले आणि त्या ओरडल्या, "अहो, हीटर तर हेच आहेत! चला, सगळे हीटर बाहेर!"

मंडळी कोट चढवत बाहेर गेली आणि खिडक्यांना नाकं लावून उभी राहिली. आत ताई आणि साहेब, मध्ये खुर्चीवर तापमापक. फटींतून वारा शिट्ट्या घालत आला. आकडा धडाधड उतरला. साहेबांनी कोट घातला, मग कॉलर वर केली, मग हात काखेत खुपसले.

"पटलं?"

"प-प-पटलं!" साहेबांनी सूट दिल्याचा कागद काढला, पेन धरलं आणि ते गळून पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. "बोटंच वळत नाहीत हो. उद्या ऑफिसात करतो सही."

"उद्या-बिद्या काही नाही!" ताईंनी त्यांचे दोन्ही हात पकडले. "हीटर लावा रे!"

दार धाडकन उघडलं, मंडळी आत घुसली, गाणं सुरू झालं. दुसऱ्याच गाण्यात साहेबांची बोटं मोकळी झाली. सही करायला मात्र ते सगळी गाणी संपल्यावरच आले.