विटांच्या आतलं गवत

गणेशचतुर्थीच्या दोन दिवस आधी मी घरासमोरचं गवत मशीननं कापून घेतलं. सगळंच्या सगळं. ही चूक मी पूर्ण शुद्धीत, दुपारची झोप काढून, वर चहा पिऊन केली.

आमच्या अंगणात जे होतं त्याला मी त्या दिवसांत लॉन म्हणायला लागलो होतो. खरं म्हणजे त्या दूर्वा होत्या. रायपुरात दूब म्हणतात, बंगल्यावाले लॉन म्हणतात, गणपती दूर्वा म्हणतो; गवत एकच. लहानपणापासून दर चतुर्थीला एकवीसची जुडी बांधत आलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. पण तेव्हा मी राजधानीत राहत होतो ना!

म्हणजे राहत होतो तिथेच, चौबे कॉलोनीत, वडलांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बांधलेल्या घरात. पण राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, आणि जिल्ह्याच्या कचेरीत फायली सरकवणारे आम्ही मंत्रालयात फायली सरकवायला लागलो. फाईल तीच, टेबल तेच, पंख्याचा आवाजही तोच. माझी मान मात्र दोन इंच वर गेली. भोपाळहून आलेल्या साहेब लोकांसारखा मीही दारात उभा राहून आधी आभाळाकडे आणि मग चपराशाकडे बघायला लागलो.

अशा एका साहेबांच्या बंगल्यावर फाईल घेऊन गेलो असताना मी ते दृश्य पाहिलं. हिरव्या टोप्या घातलेली दोन माणसं, पाठीवर कंपनीचं नाव, हातात पेट्रोलचं मशीन. मशीन पुढे जाई आणि मागे गालिचा उरे. साहेब वेताच्या खुर्चीत बसून म्हणाले, "गणपती बिठाते हो न तुम लोग? आएँगे कभी दर्शन को."

कोणीही शहाण्या माणसानं हे वाक्य तिथेच सोडून दिलं असतं. मी ते घरी आणलं. "साहेब चतुर्थीला येणार आहेत," बायकोला सांगितलं.

"तारीख सांगितली का त्यांनी?"

"मोठे लोक तारीख नाही सांगत."

"मग येतही नाहीत," ती म्हणाली आणि पोळी उलटवली.

साहेबांच्या चपराशाकडून मी कंपनीचा नंबर मिळवला होता. आता प्रश्न होता आमच्या माळीबाबाचा.

माळीबाबा शहराच्या कडेच्या एका पाऱ्यातून, म्हणजे वस्तीतून, सायकलीवर यायचा, गुरुवारी आणि रविवारी. उकिडवा बसून, हातात हसिया म्हणजे आपला विळा घेऊन, बेडकासारखा हळूहळू पुढे सरकत गवत कापायचा. कापलेलं गवत गठ्ठा बांधून त्याच्या गाईसाठी न्यायचा. काम चोख, पण त्यात गालिचा नव्हता. आणि फाटकाजवळ त्यानं एक गोष्ट करून ठेवली होती जी मला महिनोन्‌महिने खुपत होती. चार पावलं लांब, दोन पावलं रुंद अशी एक पट्टी, भोवती तिरप्या लावलेल्या विटा. त्या पट्टीला तो विळा लावायचा नाही. मे महिन्यात कॉलनीतल्या नळाला करंगळीएवढी धार असताना सुद्धा तो तिथे बादलीनं पाणी घालायचा. एकदा मी विटांवर पाय ठेवला तर म्हणाला, "ईंटा के भीतरी ला झन छूहू साहेब, दाई के दूबी ए." विटांच्या आतल्याला हात लावू नका, दाईची दूब आहे.

दाई म्हणजे समोरच्या काकू. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. आम्ही वर्धेकडून रेल्वेबरोबर आलेले, म्हणून आमची तिसरी पिढी इथे जन्मली तरी काकूंच्या लेखी आम्ही "ते नवे लोक". आदल्या वर्षी काकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. काकू बोलल्या गणपतीला: हा माणूस पायावर उभा राहिला तर लाख दूर्वा वाहीन, एकेक माझ्या हातानं खुडून. पौषात काका भिंत धरून उभे राहिले. माघातल्या गणेशजयंतीला काकूंनी लाखोली सुरू केली, ती चतुर्थीला पुरी करायची होती. त्यांच्या अंगणात सिमेंट, गुडघे अधू. म्हणून रोज सकाळी त्या आमच्या फाटकातून आत यायच्या, पाटावर बसायच्या आणि पाचशेच्या आसपास कोवळे, तीन पानांचे शेंडे खुडून न्यायच्या.

हे मला माहीत होतं का? बायको म्हणते, तिनं मला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा मी वर्तमानपत्र वाचत होतो, दुसऱ्यांदा दाढी करत होतो, तिसऱ्यांदा "हो हो" म्हणालो. काकू यायच्या सहाला, मी उठायचो आठला. माहीत होतं, असंच म्हणावं लागेल.

त्या आठवड्यात माळीबाबानं सुटी मागितली. तीजाचा सण, म्हणजे इकडची हरतालिका; लेकीला सासरहून माहेरी आणायला जायचं होतं. "जा, जा," मी म्हणालो, इतक्या उदारपणे की तो बिचारा दोनदा हात जोडून गेला.

रविवारी दुपारी कंपनीची माणसं आली. बायको हरतालिकेचं सामान आणायला गोलबाजारात गेली होती, ही वेळ मी निवडलेली. हिरव्या टोपीवाल्यानं मशीन उतरवलं, आमचं अंगण पाहिलं, मग गल्ली पाहिली, मग मला विचारलं, "साहब, लॉन पीछे की तरफ है क्या?"

"यही है."

तो आपल्या जोडीदाराकडे बघून खोकला. आमच्या लॉनवर दोन खाटा टाकल्या तर तिसरीला फाटकाबाहेर काढावं लागलं असतं. तरी मी साहेबांच्या चालीनं मागे हात बांधून उभा राहिलो. मशीन सुरू झालं. काय तो आवाज! पेरूच्या झाडावरचे पोपट उडाले, कुत्री भुंकायला लागली. माझी छाती फुगली. सात मिनिटांत सगळं संपलं. एवढ्या लवकर संपलं म्हणून मला वाईट वाटलं, तेव्हा मी म्हटलं, "एक बार और मार दो."

मग तो विटांपाशी थांबला. मशीन बंद केलं. "साहब, ये ईंटवाला छोड़ना है क्या? लगता है किसी ने जानकर छोड़ा है."

पहा, परक्या माणसाला कळलं. दहा मिनिटांपूर्वी त्या अंगणात पाय ठेवलेल्या माणसाला कळलं. आणि मी म्हणालो, "नहीं नहीं, सब साफ करो. ईंट भी हटा दो, अच्छी नहीं लगती."

कापलेलं गवत त्यांनी पोत्यात भरून नेलं. सेवेतच येतं, म्हणाले. त्या संध्याकाळी मी माझ्या गालिच्यावर अनवाणी फिरलो. बायको बाजारातून आली तेव्हा अंधारलं होतं. तिला काही दिसलं नाही, आणि मी काही दाखवलं नाही.

सोमवारी सकाळी सहाला मला बायकोनं हलवून उठवलं. हरतालिकेचा निर्जळी उपास, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि आवाज असा की मी चादरीसकट उभा राहिलो.

"बाहेर जा. काकू उभ्या आहेत."

काकू फाटकात उभ्या होत्या. एका हातात पाट, एका हातात वेताची परडी. त्यांची नजर जिथे पट्टी होती तिथे. तिथे आता बोटभर उंचीची खुंटं होती, टोकं पांढरी पडलेली.

"कोणी कापलं रे हे?" त्यांनी विचारलं. ओरडून नाही. मी मान कुठे ठेवावी हे न कळून पेरूच्या झाडाकडे पाहिलं.

"हजार उरल्या होत्या," त्या म्हणाल्या. "आजच्या पाचशे, उद्याच्या पाचशे. कोणी कापलं?"

त्या क्षणी "मी" म्हणायला एकच अक्षर लागत होतं. मी त्याऐवजी म्हणालो, "माळीनं कापलं असेल, काकू. या लोकांना किती सांगा..."

या लोकांना! मागे उभ्या असलेल्या बायकोनं श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. काकूंनी पाट काखेत मारला आणि रस्ता ओलांडून गेल्या, एकेक पाय टेकत.

बायको मला म्हणाली, "आज मी ज्याच्यासाठी उपाशी आहे न, त्याच्यात असं काय आहे ते तरी सांगा." मी म्हटलं, बाजारात दूर्वांच्या जुड्या मिळतात, मी टोपलीभर आणतो. "त्यांले स्वतःच्या हातानं खुडायच्या आहेत. तुमाले तीनदा सांगितलं." मग ती आत गेली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. शुष्क ओठांनी हरतालिकेची वाळूची पिंड मात्र मन लावून करत राहिली.

ऑफिसला सुटी होती. म्हणजे लपायला जागा नव्हती. सकाळी अकराच्या सुमाराला सायकलीची घंटी वाजली. माळीबाबा. तीजाचा दिवस, घरात लेक आलेली, तरी तो ठेठरी-खुरमीची, तीजाच्या फराळाची पुडी घेऊन आमच्याकडे द्यायला आला होता. मी खिडकीच्या पडद्याआड होतो. तो सायकल टेकवतो न टेकवतो तोच समोरून काकू आल्या आणि आमच्याच फाटकात, कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाल्या, का कापलंस म्हणून.

"काबर काटे गा? तोला का कहे रहेंव मैं? सात महिना होगे! काबर काटे?"

माळीबाबानं गवताकडे पाहिलं. तो खाली बसला, खुंटांवरून तळहात फिरवला. विळ्यानं कापलेलं गवत आणि मशीननं कापलेलं गवत यांतला फरक त्याच्याइतका कोणाला कळणार? विटा भिंतीशी रचलेल्या त्यानं पाहिल्या. मग त्यानं आमच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा पातळ होता. पडदा पातळ आहे असं बायको कधीपासून म्हणत होती.

मी बाहेर जायला हवं होतं. दार चार पावलांवर होतं. मी उभा राहिलो.

माळीबाबा उठला, हात जोडले आणि म्हणाला, "हव दाई. गलती होगे."

काकू बराच वेळ आमच्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्याला म्हणाल्या, "चल मोर संग," आणि त्याला घेऊन आपल्या घरात गेल्या. ठेठरीची पुडी आमच्या फाटकावर तशीच राहिली. ती मी नंतर हळूच आत आणली. खाल्लीही. पुडीला हात लावताना लाज वाटली, खाताना कमी वाटली, हेही सांगून टाकतो.

चतुर्थीला मी सहाच्या आधी उठलो. ते वर्षात पहिल्यांदाच. समोर काकूंच्या व्हरांड्यात काहीतरी चाललं होतं. माळीबाबाची सायकल, मागे बांधलेली दोन घमेली. त्यानं त्याच्या पाऱ्यातल्या तळ्याच्या पाळीवरून फावड्यानं मातीसकट दूबेचे थर काढून आणले होते, जसे नवं लॉन लावताना आणतात तसे, ताटाएवढे चौकोन. ओल्या पोत्यावर ते शेजारी शेजारी मांडले होते, मुळांसकट, जिवंत. एवढंसं शेतच तयार झालं होतं काकूंच्या पाटासमोर. काकू खुडत होत्या. खुर्चीत बसलेले काका डाव्या हातानं एकेक शेंडा घेऊन ताटात ठेवत होते आणि जड जिभेनं मोजत होते, "अकरा... बारा..." मध्येच चुकत होते, काकू मागून पुन्हा अकरा म्हणत होत्या.

"जा," बायको माझ्या मागून म्हणाली. "आणि आता कुणाचं नाव नका घेऊ."

मी रस्ता ओलांडला. दहा पावलांचा रस्ता. एक स्कूटरवाला मला हॉर्न मारून गेला, इतका हळू मी चाललो होतो.

"काकू," मी म्हणालो, "ते गवत... यानं नाही कापलं. मी कापून घेतलं. कंपनीवाले बोलावून."

काकूंनी मान वर केली नाही. "मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रविवारी मी हिथंच बसली होती. ते मशीन तू अंगणात लावलं का माझ्या कानात? ह्यांची झोप मोडली. वाटलं, विटांच्या आतलं तरी सोडशील."

"मग काल तुम्ही त्याला..."

"मुद्दाम ओरडली. तुझ्या फाटकात उभी राहून ओरडली. म्हटलं, आता तू येते बाहेर, आता येते. हा बिचारा हात जोडून राहिला, तरी तू पडद्यातच." त्यांनी खुडलेला शेंडा काकांच्या हातात दिला. "घरात नेऊन मी त्याची माफी मागितली. तुझ्या वाटची."

माळीबाबा तेव्हा दुसऱ्या घमेल्यातला थर उचलत होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि मालक बोलतो तेच बोललो, "बाबा, रविवार को आओगे न?"

त्यानं थर पोत्यावर ठेवला, कडा दाबल्या, त्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं. काकांचं मोजणं थांबलं होतं. मी खाली बसलो आणि एक शेंडा खुडायला हात पुढे केला, काहीतरी करावं म्हणून. काकूंनी माझा हात परडीच्या काठानं बाजूला केला.

साहेब आले नाहीत हे सांगायला नकोच. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, विसर्जनापर्यंत नाही. पण ते नंतरचं. तेव्हा मी तिथे उकिडवा बसलो होतो, आणि काकूंनी त्या सकाळी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुझ्यापरीस ते मशीन बरं," त्या म्हणाल्या. "काय कापून राहिलं ते ओरडून तरी सांगते."