परत वाचून बघितलं का?

संगणकातल्या नोंदींची टेप भरून झाली की शेखमामा ती यंत्रातून काढत नसत. पहिल्यापासून परत वाचून घेत. त्यात अर्धा तास जायचा. मी कुरकुरले की म्हणायचे, "भरली म्हंजी झालं असं न्हाई, ताई. परत वाचून बघितलं का?" कटकट नुसती!

नव्वदचं दशक सरत आलं होतं. दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात संगणक खातं म्हणजे शेखमामा आणि मी, दोघंच. तालुक्याच्या ऊस लागणीच्या नोंदी आमच्याकडे. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. साहेबांचा हुकूम असा, की सगळ्या नोंदींची पूर्ण प्रत महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला काढायची. रोज फक्त त्या दिवसाचा बदल टेपवर घ्यायचा. महिना संपला की पुन्हा त्याच टेपा वापरायच्या.

मामा भांडायचे. "पूर्ण प्रत दर आठवड्याला घ्या, साहेब. मधली एक टेप गेली की पुढच्या सगळ्या लटकत्यात. आन् टेपा घासल्यात आता."

"टेपा काय झाडाला लागतात?" साहेब म्हणायचे.

मामांची बायको शिरूरला अंथरुणाला खिळलेली. तिथल्या एका डेअरीत त्यांना काम मिळालं होतं. कारखान्याने कार्यमुक्तीचं पत्र दिलं, की रोज घरी. महिनाभर माणूस नुसता हसत होता.

त्या महिन्याच्या पाच तारखेला मामा शिरूरला गेले होते. टेप भरली, आणि माझी दौंडची बस फाटकात उभी. मी न वाचताच रजिस्टरात 'तपासली' लिहिलं, सही ठोकली आणि पळाले.

अठ्ठावीसला संगणकाची डिस्क बसली, आतल्या सगळ्या नोंदी गेल्या. मामा एकेक टेप चढवत गेले. पाच तारखेची वाचेचना. पुढच्या बावीस-तेवीस टेपा धडधाकट, पण एकही लागू होईना. मामांनी रजिस्टर उघडलं, माझ्या सहीवर बोट ठेवलं, मिटलं. साहेबांना म्हणाले, "टेपनं दगा दिला." मी गप्प. अशी भित्री मी!

दारात शेतकरी जमले. "माझी लागण आधीची हाय, माझं नाव कुठं गेलं?" साहेबांनी सांगून टाकलं, नोंदी उभ्या राहीपर्यंत कुणाला सोडणार नाही. मामा शेतावर जाऊन लागण टिपणाऱ्या चिटबॉयच्या डायऱ्या घेऊन गावोगाव फिरले. डेअरीने थोडं थांबून दुसरा माणूस घेतला. मामांनी ते मला एका वाक्यात सांगितलं आणि पुढची डायरी ओढली. त्यानंतर मी बाहेरच्या नोकऱ्यांना अर्ज करू लागले.

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली. साहेब म्हणाले, "एकटा काम सांभाळीन, अशी शेख सही करतील तरच सोडतो." मी कागद मामांपुढे ठेवला आणि रडत सगळं कबूल केलं.

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "तवाच बघितलं." मग त्यांनी शांतपणे सही केली. "जावा तुम्ही. दोघांनी कशापायी अडकायचं?"

आणि मी गेले.