तोफेच्या बदल्यात आई

मी बुडालेल्या कंपन्यांच्या लष्करी गाड्या जमवतो. खेळण्यातल्या, धातूच्या, तळहातावर मावणाऱ्या. कारखाना चालू असेल तर मला त्या गाडीत रस नसतो, ती उद्याही मिळेल. कारखान्याला कुलूप लागलं की माझं प्रेम सुरू होतं. बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमधलं काचेचं कपाट अशा फौजेनं भरलेलं आहे. त्याची किल्ली माझ्या खिशात असते. घरात आम्ही दोघंच, मी आणि आई, पण आईला त्या गाड्यांवरची धूळ पुसायचीही मुभा नव्हती. मूळ रंगाला ओला हात लागला की गाडी मेली, असं आम्हा जमवणाऱ्यांचं शास्त्र आहे.

या फौजेत एक ट्रक होता, तोफ ओढणारा. तोफ मात्र नव्हती. ती कोराडीच्या एका गृहस्थांकडे होती. वीज केंद्रातून निवृत्त झालेला, एकटा राहणारा माणूस. ते म्हणायचे ट्रक द्या, मी म्हणायचो तोफ द्या, अशी आमची ओढाताण कित्येक वर्षं चालली होती. शेवटी त्यांनीच अट घातली, "मी येऊन रंग पाह्यतो. अस्सल निघाला तर तोफ तुमची." दसऱ्याच्या सकाळी यायचं ठरलं.

त्या सकाळी ट्रक पुन्हा एकदा डोळे भरून पाहिला आणि झेंडू आणायला गेलो. किल्ली कपाटालाच राहिली. परत आलो तर गृहस्थ जिन्यातच भेटले. दोघं सोबत आत शिरलो.

पाटावर माझी अख्खी फौज ओळीनं उभी होती. प्रत्येक रणगाड्याला ओलं हळदकुंकू, टपावर अक्षता. ट्रकच्या पुढच्या चाकांखाली अख्खं लिंबू होतं आणि त्यावर चढून तो छताकडे तोंड करून उभा होता.

"हे काय करून राहिली तू?" माझा आवाज चिरकला.

"शस्त्रपूजा," आई म्हणाली. "घरात येवढी फौज असून दरसाल विळीची पूजा काहून करू? हे शस्त्रही हाय अन् वाहनही हाय. एका नारळात दोन्ही होते."

लिंबू फुटेना म्हणून तिनं ट्रक अंगठ्यानं दाबला. रस थेट टपापर्यंत उडाला. तोफ हातची गेली होती.

गृहस्थ वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पिशवीतून साबणाची डबी काढली, कापसातली तोफ उचलली आणि पाटावर ठेवली.

"इचीबी करा, आई."

आईनं तोफेच्या तोंडाला कुंकू लावलं. मग त्यांनीच ती ट्रकच्या आकड्यात अडकवली. चपखल बसली.

"तोफ ठेवा तुम्ही," ते मला म्हणाले. "पण आई द्या."

"म्हणजे?"

"संध्याकाळी आणून सोडतो. माह्याकडं कपाटभर गाड्या हायेत. त्याईची कधी कोणी पूजाच नाही केली."

मी काही बोलायच्या आत आईच्या पायात चपला होत्या. खाली त्यांच्या मोटारीच्या चाकाखालीही तिनं लिंबू ठेवलं. सकाळपासून नीट फुटलेलं ते पहिलंच लिंबू.

ती दिवेलागणीला परतली, पदरात आपट्याची पानं घेऊन. मी तोफेसकट ट्रक घेऊन दारातच उभा होतो. इतक्या वर्षांनी जोडी जुळली होती आणि कोणाला तरी दाखवल्याशिवाय मला चैन नव्हतं. तिनं लांबूनच पाहिलं.

"त्या माणसानं एकेक गाडी माह्या हातात देल्ली गा," ती म्हणाली. "कोणती कुठची, सारं सांगतलं. एक तं चावीची होती. मी फरशीवर चालवून पाह्यली."

मला त्या माणसाचा हेवा वाटला. मी ट्रक तिच्यापुढे धरला. कुंकू आणि लिंबाच्या डागांनी त्याचा मूळ रंग ओळखू येत नव्हता.

"घे," मी म्हटलं.

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"राहू दे," ती म्हणाली. "रंग जाईन त्याचा."